सालीचा पीळ

१

आमच्या घरात वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या शनिवारी, तीन म्हातारी माणसं एकत्र जमून दिवसभर मूर्खपणा करायची आणि त्याला परंपरा म्हणायची. आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, ईस्टर ऐन पानगळीत येतो. झाडावरची सफरचंदं उतरवायची, सोलायची, चिरायची, काचेच्या बरण्यांत दाबून भरायची, वर पाक ओतायचा, रबरी कडी नि झाकण बसवून बरण्या तासभर उकळायच्या. मग वर्षभर त्या मऊ, पिवळट फोडी कस्टर्डबरोबर गिळत म्हणायचं, "घरची चव ती घरचीच." दुकानात तयार डबा मिळतो. पण तसं म्हटलं की बेरिलचा चेहरा असा व्हायचा, जणू मी आईच्या थडग्यावर थुंकले.

बेरिल माझी थोरली बहीण. मधला क्लेम, आणि शेंडेफळ मी, नेरिडा. होबार्टला मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. क्लेमनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांत फांद्या छाटल्या. आणि बेरिलनं काय केलं? काही नाही. ती ह्यूऑन नदीच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या त्या लाकडी घरात जन्मली आणि तिथेच राहिली. बाप गेल्यावर बाग गेली, घरामागे अकरा झाडं उरली, त्यांचा सांभाळ केला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची अकरा वर्षं सेवा केली. आई जाऊनही सहा वर्षं झाली होती. लोक तिला देवमाणूस म्हणत. मला वाटायचं, ज्याला दुसरं काही जमत नाही तो देवमाणूस होतो.

त्या वर्षी ती चौऱ्याहत्तरची होती, मी पासष्टची. माझ्या पिशवीत एका वृद्धाश्रमाचे कागद होते, आणि हा प्रकार यंदा शेवटचा असं मी ठरवून गेले होते.

२

आठ वाजता पोचले तेव्हा नदीवरचं धुकं अजून झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं होतं. बेरिल जाळीच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांना एव्हाना मधोमध काही दिसत नव्हतं. समोर बघितलं की नुसता करडा डाग. कडेकडेनं तेवढं कळायचं. म्हणून कुणाकडे बघायचं तर ती मान वाकडी करायची, कोंबडी दाणा बघते तशी.

"कोण, नेडी?"

"नाही, इंग्लंडची राणी."

"मग राणीसाहेब, पाय पुसून आत या."

क्लेम मागच्या अंगणात, धुण्याच्या खोलीत तांब्याच्या मोठ्या भांड्याखाली जाळ घालत होता. मला बघून ओरडला, "मास्तरीणबाई आल्या! वह्या उघडा!" गेली तीस वर्षं तो हेच ओरडत होता, आणि गेली तीस वर्षं बेरिल त्यावर हसत होती.

कामं ठरलेली होती. क्लेम पेट्या आणायचा आणि बरण्या उकळायचा. बेरिल फोडी भरायची. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. सोलायचं काम माझं. स्वयंपाकघरात लांब टेबल, चुलीवर पाक, टेबलावर मिठाच्या पाण्याचं घमेलं, कारण सोललेलं सफरचंद उघडं राहिलं की काळं पडतं. टेबलाच्या एका बाजूला बेरिल, समोर मी, आणि मोरीवरच्या खिडकीला माझी पाठ.

पहिली पेटी संपली तेव्हा मी म्हटलं, "बेरिल, हे शेवटचं वर्ष हं."

"दरवर्षी म्हणतेस."

"या वेळी कागद आणलेत. होबार्टजवळच आहे. स्वतंत्र खोली, नर्स, सगळं."

"चूल असते का तिथे?"

"जेवण आयतं येतं. ताट घेऊन."

"आणि सफरचंदं?"

"डब्यातली."

ती बोटांनी फोडी बरणीत दाबत राहिली. मग म्हणाली, "शेवटी शेवटी आई सारखी तुझं नाव घ्यायची. 'नेडी आली का?' मी सांगायची, निघालीय, येतेच आहे."

"परीक्षा होत्या, बेरिल."

"हो गं. परीक्षा होत्या ना."

तिच्या या 'हो गं'ची मला चीड होती. भांडण नाही, तक्रार नाही. ओल्या फडक्यासारखं मऊ, आणि तेवढंच थंड. मी सुरी उचलली आणि पुढचं सफरचंद घेतलं.

३

मी साल एकसंध काढते. त्यात कौतुक नाही. लहानपणी आईनं पट्टी मारून शिकवलं. उजव्या हातात सुरी, डाव्या हातात फळ फिरतं, आणि साल एका लांब पिळात खाली बादलीत पडते. शेवटच्या वळणाला देठ सालीसकट तोडून घ्यायची माझी एक खोड आहे. बेरिल देठ आधी काढते, क्लेम तर अर्धं सफरचंदच सालीबरोबर घालवतो. म्हणजे कुठली साल कुणाची ते आमच्या घरात न सांगता कळतं.

दहाच्या सुमाराला बादली भरली. कोंबड्यांना टाकायला उचलली तेव्हा वरच्याच सालीवर नजर गेली. काहीतरी खटकलं. काय, ते कळेना. साल माझीच होती. बोटभर रुंद, शेवटी देठ. मी ती उचलून धरली.

तिचा पीळ उलटा होता.

मी हसले, स्वतःलाच. म्हटलं, म्हातारे, सफरचंद उलटं धरून सोलायला घेतलं असशील. पण तसं होत नाही. स्क्रू कुठल्याही टोकानं धरा, आटे तेच राहतात. मुलींना हे शिकवताना मी त्यांना दोन हातमोजे दाखवायची. उजवा मोजा कितीही फिरवा, पालथा घाला, तो डाव्या हाताचा होत नाही. आतली बाजू बाहेर काढली, नाहीतर आरशात बघितला, तरच तो डावा होतो. उलटा पीळ पडायचा तर सुरी डाव्या हातात हवी.

आणि त्या घरात डावखुरं कुणी नव्हतं.

मी बादलीत हात घातला. वरच्या थरात आणखी सापडल्या. बोटभर रुंद, शेवटी देठ, आणि पीळ उलटा.

"काय गं, थांबलीस का?" बेरिल म्हणाली.

"साली बघतेय."

"अगोबाई, आता सालींनाही मार्क देणार?"

४

मला दोन गोष्टींची शिसारी आहे. एक घाण, दुसरी गूढ. आमच्या खोऱ्यातल्या बायका चहाच्या कपात भविष्य बघायच्या तेव्हा मी कप धुवायला उठायची. त्यामुळे मी घाबरले नाही. मी प्रयोग केला.

बादली रिकामी केली. परत येऊन बसले, सुरी टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. बेरिलचं तोंड फोडींकडे होतं. चुलीत लाकूड तडतडत होतं, पाकाला बुडबुडे येत होते, छपराच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी नख्या घासत चालत होता. बेरिल क्लेमच्या गुडघ्यांबद्दल सांगत होती. मी 'हं, हं' करत होते. पाचेक मिनिटं गेली असतील.

"किती भरभर चालतोय आज तुझा हात," बेरिल मधेच म्हणाली. "नुसता आवाज ऐकून बरं वाटतं. सर्र, सर्र."

"मी सोलत नाहीये."

"हो का?" ती हसली. "मग तुझी सुरी सोलतेय."

मी बादलीत बघितलं. तळाला एक साल पडलेली होती.

सफरचंदाची साल हवेत दोन-तीन मिनिटांत तांबूस व्हायला लागते. का होते, ते मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवत असे. ही साल आतून पांढरी होती. ओली. तिच्यावरून रस अजून खाली ओघळत होता.

मी घमेल्यात बघितलं. मिठाच्या पाण्यात एक सोललेलं सफरचंद तरंगत होतं आणि अजून हळूहळू फिरत होतं.

५

साडेअकराला क्लेम बरण्या न्यायला आला. भट्टीजवळ उभं राहून त्याचं नाक लाल झालं होतं.

"मगाशी बरं केलंस हं," तो मला म्हणाला.

"काय केलं?"

"पेटी धरू लागलीस ना. माझ्या गुडघ्यांना आता एकट्यानं झेपत नाही. मी काही बोललो नाही, पण तुझ्या लक्षात आलं."

"मी तुझ्याकडे आलेच नाही. एकदा कोंबड्यांपर्यंत गेले, तेवढंच."

"हं!" त्यानं डोळा मारला. "आणि खांद्यावर हात कुणी ठेवला? 'क्लेम, दमलास का रे' कुणी विचारलं?"

"सकाळीसकाळी किती घेतलीस?"

"चहा. दोन कप." तो अजून हसतच होता, पण जरा गोंधळल्यासारखा. "नेडी, चांगलं वागलीस तर ते कबूल करायला काय होतं गं तुला? तोंडाची चव जाते का?"

बेरिल म्हणाली, "राहू दे रे. तिला लाजल्यासारखं होतं."

तो बरण्यांचं टोपलं घेऊन गेला. मी त्या दोघांबद्दल काय विचार केला ते लिहिते, कारण खोटं लिहून उपयोग नाही. मी म्हटलं, एक आंधळी, एक बावळट. यांना काय दिसतं आणि काय वाटतं याला पुरावा कोण म्हणेल? साली मात्र मी पाहिल्या होत्या. म्हणून सालींना कारण शोधलं. क्लेम अधूनमधून येऊन मजा करतो आहे. मास्तरीणबाईंची जिरवायची म्हणून डाव्या हातानं सोलून साली बादलीत टाकतो आहे. क्लेमला हे सुचलं तरी कसं, आणि ज्याला उजव्या हातानं धड सोलता येत नाही तो डाव्यानं एकसंध साल कशी काढेल, हे प्रश्न मी बाजूला सारले. बत्तीस वर्षं मुलींना सांगत आले होते की अडचणीचा आकडा बाजूला सारायचा नसतो.

दुपारी मटणाचं सँडविच खाल्लं. टेबलावर क्लेमनं तीन कप मांडायच्या ऐवजी चार मांडले, मग स्वतःच एक उचलून परत ठेवला आणि कशासाठी उठलो होतो ते विसरल्यासारखा उभा राहिला.

६

तीनला मी पुन्हा बादली घेऊन कोंबड्यांकडे गेले. ऊन तिरपं झालं होतं. धुण्याच्या खोलीतून बरण्यांचा खळखळाट आणि क्लेमची शीळ ऐकू येत होती. म्हणजे क्लेम तिथे होता. मी इथे होते.

स्वयंपाकघरातून बेरिलचं हसू ऐकू आलं.

ती एकटी असताना हसत नाही. आणि हे तिचं नेहमीचं भिडस्त हसूही नव्हतं. लहानपणी आम्ही एका खाटेवर निजायचो तेव्हा पांघरुणात तोंड दाबून ती हसायची, तसं. मी ते पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ती बोलायला लागली. शब्द कळेनात. मधे थांबायची, जणू कुणी काही विचारतं आहे, आणि पुन्हा बोलायची.

मी खिडकीशी गेले. मोरीवरची ती खिडकी अंगणातून छातीइतक्या उंचीवर येते.

बेरिल टेबलाशी बसलेली होती, तोंड खिडकीकडे. डोळे भरून वाहत होते. तिची मान वाकडी नव्हती. समोरच्या खुर्चीकडे ती सरळ बघत होती, सरळ, जिथे तिला करड्या डागाशिवाय काही दिसत नाही तिथे. आणि तिचा चेहरा दिसणाऱ्या माणसाचा होता.

माझ्या खुर्चीत कुणी बसलं होतं. खिडकीकडे पाठ. माझ्या अंगात होता तसाच करडा लोकरी कोट, मागे माझ्यासारखाच केसांचा अंबाडा. सुरी डाव्या हातात. साल खाली उतरत होती, एकसंध. मग त्या माणसानं सुरी ठेवली, टेबलावरून पुढे वाकून कोटाच्या बाहीनं बेरिलचा गाल पुसला. इतक्या हळू, की मला माझ्या स्वतःच्या गालावर लोकर टोचली.

बेरिलनं तो हात धरून ठेवला.

बादलीची कडी माझ्या हातात करकरली असावी. तो खांदा थबकला. डोकं वळायला लागलं. सावकाश, घाई नसल्यासारखं. मी चेहरा पाहिला नाही. मला कान दिसला, आणि कानामागची कातडी. माणसाला स्वतःच्या कानामागची कातडी कधी दिसत नाही. तरी ती मी ओळखली.

मी बादली तिथेच टाकली आणि गाडीकडे पळाले. पासष्टाव्या वर्षी, एप्रन बांधलेली, पळाले.

७

ह्यूऑनव्हिलच्या पुलापाशी गाडी थांबवली. नदी रुंद आणि तपकिरी वाहत होती. कुणीतरी होडी धूत होतं. बाकावर एक जोडपं मासे-बटाटे खात बसलं होतं. जग जागच्या जागी होतं.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून विचार केला, आणि उत्तर सापडलं. काच! ऊन माझ्या पाठीशी होतं. खिडकीच्या काचेत मला माझंच प्रतिबिंब दिसलं, ते नेमकं आतल्या खुर्चीवर पडलं. प्रतिबिंबात उजव्याचं डावं होतं. कोट माझा, अंबाडा माझा. बाकीचं बेरिलच्या बडबडीनं आणि दिवसभराच्या सालींनी डोक्यात भरवलेलं. मी मोठ्यानं हसले. माझी मलाच किळस आली. चहाच्या कपात भविष्य बघणाऱ्या बायका आणि मी, काय फरक?

होडी धुणाऱ्या माणसानं वळून बघितलं.

मग मला आठवलं की आरशात स्वतःची पाठ दिसत नाही. हे सातवीतली मुलगीही सांगेल.

मी तशीच बसून राहिले. हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात आली. ती पहिल्यांदा यायला हवी होती, आणि ती शेवटी आली, यातच माझं सगळं आलं. मी माझ्या आंधळ्या बहिणीला त्या स्वयंपाकघरात सोडून आले होते.

मी गाडी वळवली.

८

पाच वाजायला आले होते. क्लेमची गाडी गेली होती. भट्टी विझली होती. दाराबाहेरच्या ओट्यावर गरम बरण्या रांगेत निवत ठेवलेल्या, झाकणं आत ओढली जाताना टक, टक असा आवाज करत होत्या. अंगणात माझी बादली कुणीतरी धुऊन पालथी घातली होती.

जाळीच्या दाराला आतून कडी होती. बेरिल कधी कडी लावत नसे. मी ठोठावलं. ती हात पुसत आली.

"कोण?"

"मी. नेरिडा. दार उघड."

तिनं मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कडेनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"गेली होतीस ना तू?" ती हळूच म्हणाली.

"परत आले. आत कोण आहे?"

"जरा हळू बोल."

"बेरिल, आत कोण आहे?"

"सोलतेय. थोडीच राहिलीत."

"ती मी नाही!"

"ठाऊक आहे मला."

झाकण वाजलं, टक. मी जाळीला हात लावला. पलीकडे तिचा चेहरा शांत होता, धुतल्यासारखा.

"डोळे गेलेत माझे, नेडी," ती म्हणाली. "अक्कल नाही गेली. मला सकाळीच कळलं. तू म्हणालीस, हे शेवटचं वर्ष. आणि पाठोपाठ, त्याच बाजूनं, कुणीतरी म्हणालं, 'बेरिल, तुझे हात गारठलेत, चुलीजवळ सरक.' तू असं कधी म्हणालीस का गं, जन्मात?"

"तुला भास होतायत. वय झालंय तुझं. कडी काढ."

"तिनं मला विचारलं, आई कशी गेली. सहा वर्षं झाली. क्लेमनं नाही विचारलं, तू नाही विचारलंस. फादरनी विचारलं ते अंत्यविधीच्या गाण्यांचं, कुठली म्हणायची म्हणून. मी सगळं सांगितलं तिला. रात्री कशा गेल्या, आईनं मला शिव्या कशा दिल्या, मी एकदा तिच्यावर हात उगारला होता ते पण. ती ऐकत होती. मग म्हणाली, मी यायला हवं होतं."

"असं कुणीही म्हणेल."

"मग तू म्हण."

मी जाळीवरचा हात काढून घेतला.

"एवढंच म्हण, नेडी. मी आत्ता कडी काढते. तिला जायला सांगते. तू माझी सख्खी आहेस." तिचा हात खरोखरच कडीवर होता. बोटं पाकानं चिकट झालेली, नखांत सालीचे तुकडे. "म्हण ना."

चार शब्द होते. मला येत होते. त्यांत एकही शब्द खोटा नव्हता. गेली सहा वर्षं रोज सकाळी दात घासताना मी ते आरशासमोर गिळत आले होते. मी तोंड उघडलं, आणि ती जाळीपलीकडे तशी मान वाकडी करून उभी होती, कोंबडीसारखी, आशेनं. मला तिची दया आली नाही. तिचा राग आला. हिनं मला असं दारात उभं करून वदवून घ्यावं? हिनं?

"बेरिल, हा मूर्खपणा पुरे," मी म्हटलं. वर्गात म्हणायची तसं. "उघड दार."

तिनं मान हलवली. बऱ्याच दिवसांपासून अडून राहिलेलं काही एकदाचं ठरलं की माणूस हलवतो तशी.

आतून आवाज आला. "कोण आहे गं?"

माझा आवाज. माझाच, पण असा मी तो कधी काढला नव्हता. त्याच्यात कुठे धार नव्हती.

"कोणी नाही," बेरिल वळून म्हणाली. "रस्ता चुकलीय कुणीतरी बाई."

मग माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात, "जा आता. तिला वाईट वाटेल."

आणि तिनं आतलं लाकडी दार लावून घेतलं.

९

त्यानंतर मी तीनदा फोन केला. दोनदा बेरिलनं उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि काही बोललं नाही. श्वास ऐकू येत होता. मग आवाज आला, "बोल ना." मायेनं. मीच ठेवला.

ईस्टर आला की मी घरातच राहायची. एकदा क्लेमला पत्र लिहिलं. काय लिहायचं ते कळेना, म्हणून बेरिलची तब्येत विचारली. त्याचं उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? बेरिलच्या समोर बसून रोज बटाटे सोलणाऱ्या बाईचं टपालानं आलेलं पत्र त्यानं थट्टाच समजली असणार.

चार वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायची कुणाला गरजच वाटली नव्हती. बेरिल, वय अठ्ठ्याहत्तर, राहत्या घरी, झोपेत. खाली लिहिलं होतं: बहीण नेरिडा हिच्या कुशीत.

मी गेले. टेकडीवरचं चर्च भरलं होतं. मी प्रत्येक बाकावरून नजर फिरवली, एकेक चेहरा, एकेक अंबाडा. माझ्यासारखं कुणी नव्हतं. पुढच्या बाकावर क्लेमच्या शेजारी जागा रिकामी होती. मी जाऊन बसले.

नंतर बाहेर चहा होता, काकडीचे सँडविच, आणि माणसं एकामागून एक येऊन माझे हात धरत होती. फादर म्हणाले, चार वर्षं तुम्ही जे केलंत ते सख्ख्या मुली करत नाहीत. शेजारची एक बाई रडत म्हणाली, गेल्या हिवाळ्यात तुम्ही माझ्या उशाशी दोन रात्री बसलात, मी विसरणार नाही. कुणी म्हणालं, तुमच्यामुळे शेवटी शेवटी किती हसायची हो ती. मी सगळ्यांना थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी माझ्या बहिणीच्या अंत्यविधीला उभी राहून दुसरीचं श्रेय मुकाट्यानं घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकदोन वाक्यांनी मला बरंही वाटलं.

फक्त बोलून झाल्यावर ती माणसं क्षणभर थांबायची. माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधायची. मग जरा हिरमुसून पुढे सरकायची.

शेवटी क्लेम आला. तो फार वाकला होता. त्यानं दोन्ही हात पसरून मला कवेत घेतलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. एक हुंदका आला. दुसरा यायच्या आधी त्याचे हात सैल पडले. तो मागे झाला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." त्यानं हात कोटाच्या खिशात घातले. "दमली असशील. पण आज तू..."

"आज मी काय?"

"आज तू अगदी पूर्वीसारखी वाटतेस, नेडी," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून मागे, घराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिला.